जॉन डी क्रिट्झ: जेम्स राजाच्या दरबारचा पेंटर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा जॉन डी क्रिट्झ नेमका कोण?

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स, म्हणजे एलिझाबेथ राणीनंतर १६०३ मध्ये गादीवर आलेला, त्याच्या दरबारचा सरकारी चित्रकार. जेम्सच्या कारकिर्दीला, १६०३ ते १६२५, जॅकोबियन काळ म्हणतात. जेम्सचा चेहरा म्हणून आज आपल्या डोळ्यासमोर जो येतो ना, लालसर दाढी, थकल्यासारखे जड डोळे, उंच टोपी आणि टोपीवर मोठा दागिना, तो चेहरा बहुतेक करून डी क्रिट्झच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेला आहे. जन्म १५५१ किंवा ५२ चा, अँटवर्पचा (आजच्या बेल्जियममधलं शहर), आणि मृत्यू १६४२ मध्ये लंडनला, म्हणजे जवळपास नव्वद वर्षांचं आयुष्य. एलिझाबेथ, जेम्स आणि जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स अशा तीन कारकिर्दी त्याने पाहिल्या आणि तिन्ही काळांत काम केलं.

इंग्लंडच्या राजाचा चित्रकार अँटवर्पचा कसा काय?

त्या काळात फ्लँडर्स आणि आसपासच्या भागावर स्पेनच्या कॅथलिक राजाची सत्ता होती आणि प्रोटेस्टंट लोकांचा छळ चालला होता, त्यामुळे हजारो कारागीर कुटुंबं समुद्र ओलांडून लंडनला आली, त्यात विणकर होते, सोनार होते, काच करणारे होते आणि चित्रकारही होते. डी क्रिट्झचे वडील सोनार, तेही असेच निर्वासित होऊन आले. पोराला त्यांनी लुकास डी हेरे या चित्रकाराकडे शिकायला ठेवलं, तो घेंटचा, कवीसुद्धा होता, आणि तोही निर्वासितच.

इंग्लंडमध्ये तेव्हा तैलचित्रांच्या बाबतीत फ्लेमिश हाताला मान होता. पण खरी मजा नातेसंबंधांत आहे. मार्कस गीरार्ट्स धाकटा, म्हणजे त्या काळातला आणखी एक फार मोठा पोर्ट्रेट पेंटर, याच्याशी डी क्रिट्झच्या बहिणीचं, मॅग्डालेनचं लग्न झालं होतं. या गीरार्ट्सच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं तेही डी क्रिट्झच्याच घरातल्या सुझानाशी. आणि त्या जोडप्याची मुलगी सारा हिने लग्न केलं आयझॅक ऑलिव्हरशी, जो जेम्सच्या राणीचा, ॲनचा मिनिएचर चित्रकार होता. म्हणजे राजाचं मोठं पोर्ट्रेट, राणीचं मोठं पोर्ट्रेट आणि गळ्यात घालायची तळहाताएवढी चित्रं, ही सगळी कामं एकमेकांचे मेव्हणे, जावई, सोयरे असलेल्या लोकांच्या हातात होती. कोणाकडे कुठली ऑर्डर आली, कोणाकडे चांगला रंग मिळतो, हे सगळं जेवणाच्या टेबलावरच कळत असणार. मला तर वाटतं हे घराणं समजून घेतल्याशिवाय जॅकोबियन चित्रकला समजतच नाही, कारण एकेकट्या चित्रकाराकडे बघितलं की सगळे अर्धवट वाटतात आणि घर म्हणून बघितलं की चित्र पूर्ण होतं.

तो हेर होता असं वाचलं, खरं आहे का?

हेर म्हणणं जास्त होईल. एलिझाबेथचा मंत्री सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम, ज्याने राणीचं गुप्तहेर खातं उभं केलं, तो डी क्रिट्झचा आश्रयदाता होता. १५८० च्या दशकात डी क्रिट्झ फ्रान्सला जायचा तेव्हा वॉल्सिंगहॅमची पत्रं इकडून तिकडे न्यायचा, तिथून त्याच्यासाठी चित्रंही पाठवायचा. चित्रकार माणूस कुठल्याही घरात, कुठल्याही दरबारात जाऊ शकतो, त्यामुळे निरोप्या म्हणून सोयीचा. वॉल्सिंगहॅमचं जे प्रसिद्ध पोर्ट्रेट आहे, काळी टोपी, मोठी पांढरी झालरीची कॉलर आणि सावध नजर, साधारण १५८५ चं, ते डी क्रिट्झचंच मानलं जातं.

सार्जंट पेंटर म्हणजे काय? सैन्यातलं पद होतं का?

सैन्याशी काही संबंध नाही. राजाच्या सगळ्या रंगकामाचा प्रमुख, असं समजा. आठव्या हेन्रीच्या काळापासून हे पद चालत आलेलं. जेम्स आल्यावर लवकरच ते डी क्रिट्झला मिळालं, सुरुवातीला लेनर्ड फ्रायरच्या जोडीने आणि मग १६०७ पासून रॉबर्ट पीकच्या जोडीने, आणि मरेपर्यंत ते त्याच्याकडे राहिलं.

आता सगळे रंगकाम म्हणजे सगळे. राजवाड्याच्या भिंती, छतं, खिडक्यांच्या चौकटी, राजाच्या घोडागाड्या, मिरवणुकीचे झेंडे, लाकडी नक्षीवर सोन्याचा वर्ख, हे सगळं त्याच्याकडे. त्याची काही बिलं शिल्लक आहेत आणि मला ती वाचायला फार आवडतात. एका बिलात राजाच्या खास नावेच्या कामाचे पैसे मागितलेत: नाव धुतली, वार्निश केलं, राजाच्या खुर्चीभोवतीचं आणि दारांवरचं सोनं जिथे खरवडलं गेलं होतं तिथे नवीन चढवलं, आत शिरताना दोन आकृत्या आहेत त्या जवळजवळ नव्याने रंगवल्या, नावेच्या मागच्या टोकाला बसवलेले मर्क्युरी (रोमन देव) आणि सिंह दुरुस्त केले. दुसऱ्या एका बिलात राजा-राणीच्या खोल्यांसमोरच्या दगडी सूर्यघड्याळाचं काम आहे, दगडाला आधी तेल पाजलं, पांढरा हात दिला, वेगवेगळ्या रंगांत रेघा ओढल्या, अक्षरं आणि आकडे सोन्याने भरले.

वेस्टमिन्स्टर ॲबीत एलिझाबेथ राणीची जी भव्य समाधी आहे ती जेम्सने बांधून घेतली, १६०६ च्या सुमारास पूर्ण झाली. संगमरवराचं काम मॅक्सिमिलियन कोल्ट या शिल्पकाराचं आणि त्यावरचा रंग डी क्रिट्झचा. आज गेलात तर राणीची मूर्ती पांढरीच दिसते, रंग उडून गेलाय, पण मुळात ती रंगीत होती, चेहऱ्याला, कपड्यांना रंग होता. लोक म्हणतात की पोर्ट्रेट सोडून असली कामं करावी लागली म्हणजे केवढा अपमान, पण तेव्हा कोणाला तसं वाटत नव्हतं. रंग ही एक विद्या होती आणि ती नावेवर वापरली काय आणि राजाच्या चेहऱ्यावर वापरली काय, हात तोच. पुढे १७५७ मध्ये विल्यम होगार्थसारखा मोठा चित्रकारसुद्धा याच पदावर आला.

जेम्सची सगळी पोर्ट्रेट सारखीच का दिसतात?

कारण जेम्सला चित्रकारासमोर बसायचा कंटाळा होता आणि पोर्ट्रेटची मागणी तर प्रचंड होती. नवीन राजा आला, तोही स्कॉटलंडहून, लंडनच्या लोकांनी त्याला कधी बघितलेलं नाही. वकिलातींना चित्र पाहिजे, परदेशच्या राजांना भेट पाठवायला पाहिजे, सरदारांना आपल्या हवेलीत लावून निष्ठा दाखवायचीय. मग राजा एकदा बसला की त्यावरून चेहऱ्याचा एक नमुना तयार करायचा आणि वर्कशॉपमध्ये त्यावरून पुढची चित्रं काढायची.

पेणच्या गणपती कारखान्यात कसं साच्यातून मूर्ती निघते पण पितांबराचा रंग, दागिने, उभं-बसणं हे गिऱ्हाइकाप्रमाणे बदलतं, तसंच हे. चेहरा तोच, कपडे बदलले, टोपीवरचा दागिना बदलला, कुठे अर्धं चित्र तर कुठे पूर्ण उभं. कपडे, लेस, गालिचा हे बरंचसं काम हाताखालची माणसं करायची. त्यामुळे एडिनबराचं, माद्रिदच्या प्रादो म्युझियमचं आणि लंडनच्या डलिच गॅलरीतलं अशी जेम्सची चित्रं शेजारी शेजारी ठेवली तर चेहऱ्याची ठेवण एकच दिसते पण सफाई कमी-जास्त दिसते. ही कॉपी म्हणून हलकी समजायची गरज नाही, राजाचा चेहरा सगळीकडे एकसारखा दिसणं हाच त्या कामाचा उद्देश होता.

टोपीवरचा तो मोठा दागिना कुठला?

त्याचं नाव 'मिरर ऑफ ग्रेट ब्रिटन'. इंग्लंड आणि स्कॉटलंडची गादी एकाच राजाकडे आली त्याची आठवण म्हणून १६०४ च्या सुमारास हा बनवला. त्यात मोठे हिरे, एक माणिक, मोती, आणि खाली लटकणारा सान्सी हिरा, जो जेम्सने त्याच वर्षी फ्रान्सच्या निकोला द सान्सीच्या घराण्याकडून विकत घेतला. हा हिरा मूळचा आपल्याकडचा, भारतातल्या खाणीतला मानला जातो, आज पॅरिसला लूव्रमध्ये आहे, वजन ५५ कॅरेटच्या थोडं वर. त्या काळी हिरे भारतातूनच यायचे त्यामुळे यात नवल नाही.

मूळ दागिना मात्र उरलेला नाही. १६२५ मध्ये जेम्स गेला आणि त्याच वर्षी चार्ल्सने पैशांसाठी तो गहाण ठेवला. म्हणून तो कसा दिसायचा हे कळायला जुन्या दागिन्यांच्या यादीतलं वर्णन आहे आणि एडिनबराच्या चित्रातली टोपी आहे. एकेक खडा मोजून काढलाय, कुठला चौकोनी, कुठला शंकरपाळ्याच्या आकाराचा, सगळं कळतं. याला लोक पुष्कळदा नुसती सजावट म्हणून सोडून देतात पण त्या काळच्या बघणाऱ्याला त्यातून थेट राजकीय निरोप कळत होता, दोन राज्यं आता एकाच्या डोक्यावर.

त्याचं सगळ्यात भारी चित्र कोणतं?

माझ्या मते साउदॅम्पटनच्या अर्लचं, मांजरीसोबतचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

हेन्री रायथस्ली, साउदॅम्पटनचा तिसरा अर्ल, शेक्सपिअरने आपली सुरुवातीची काव्यं ज्याला अर्पण केली तो. फेब्रुवारी १६०१ मध्ये एसेक्सच्या अर्लने एलिझाबेथविरुद्ध बंड केलं त्यात हा सामील होता. एसेक्सचं डोकं उडवलं, याला मरणाची शिक्षा झाली पण नंतर ती जन्मठेपेवर आली आणि हा टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कैदेत जाऊन पडला. दोन वर्षांनी राणी गेली, जेम्स आला आणि एप्रिल १६०३ मध्ये याला सोडून दिलं. सुटकेच्या त्या काळातलंच हे चित्र.

काळे कपडे, खांद्यावर मोकळे सोडलेले लांब केस, शेजारी खिडकीपाशी काळी-पांढरी मांजर, ती थेट आपल्याकडे बघतेय. कोपऱ्यात टॉवरचं छोटं चित्र काढलंय, त्याच्यासोबत कैदेच्या तारखा आणि लॅटिनमध्ये 'इन विन्कुलिस इन्व्हिक्टस', म्हणजे बेड्यांत असूनही अजिंक्य. मांजर मालकाला शोधत शोधत धुराड्यातून खाली उतरली अशी एक गोष्ट सांगतात, ती दंतकथा आहे, पण चित्र बघितल्यावर ती का तयार झाली ते पटतं. दरबारी पोर्ट्रेटमध्ये माणूस नेहमी रेशीम, लेस, मोती यांनी मढवलेला असतो, इथे ते सगळं काढून घेतलंय आणि तरी माणूस ताठ आहे. केवढं धाडस आहे यात. चित्र नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये बाउटन हाउस या हवेलीच्या खासगी संग्रहात आहे.

पण ते डी क्रिट्झचं आहे हे नक्की का?

'डी क्रिट्झचं मानलं जातं' एवढंच. आणि हे त्याच्या जवळजवळ सगळ्या चित्रांना लागू आहे. तो सही करत नव्हता. त्या वेळच्या इंग्लंडमध्ये बहुतेक पेंटर करत नव्हते. मग अभ्यासक काय करतात तर हिशेबाच्या वह्या, पत्रं, घरातल्या सामानाच्या याद्या काढतात आणि त्यात चित्रकाराचं नाव आणि चित्राचं वर्णन एकत्र सापडतंय का बघतात, मग त्या चित्राशी हात जुळणारी बाकीची चित्रं त्याच्या नावावर जातात. ओकच्या फळीवरचं चित्र असेल तर लाकडाच्या वार्षिक कड्या मोजून झाड साधारण कधी तोडलं ते काढता येतं, त्याने निदान अमुक वर्षाच्या आधीचं नाही हे कळतं.

म्युझियमच्या पाटीवर बघा, 'डी क्रिट्झ', 'डी क्रिट्झचं मानलेलं' आणि 'डी क्रिट्झवरून' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्याचा अर्थ त्याच्या नमुन्यावरून दुसऱ्या कोणीतरी केलेलं. नेटवर सगळ्यांना सरसकट त्याचं नाव चिकटवतात त्यामुळे गोंधळ होतो.

हिशेबात पक्कं सापडणारं काही आहे का?

आहे. १६०६ मध्ये राजा जेम्स, राणी ॲन आणि युवराज हेन्री यांची तीन पूर्णाकृती चित्रं ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूककडे पाठवायला केली त्याचे ५३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स मंजूर झाले. विचित्र आकडा वाटतो पण तेव्हा 'मार्क' नावाचं फक्त हिशेबापुरतं एकक होतं, १३ शिलिंग ४ पेन्सचं, त्या हिशेबाने बरोबर ८० मार्क होतात.

आणि त्याचं नाव त्याच्या हयातीतच मोठं होतं. १५९८ मध्ये फ्रान्सिस मिअर्स या लेखकाने इंग्लंडच्या नामवंत चित्रकारांची यादी दिली त्यात मिनिएचर चित्रकार हिलियर्ड आणि आयझॅक ऑलिव्हरच्या बरोबरीने याचं नाव घेतलंय.

रॉबर्ट सेसिलच्या चित्राबद्दल सांगा ना.

सेसिल म्हणजे एलिझाबेथचा आणि नंतर जेम्सचा मुख्य मंत्री, जेम्सला गादीवर सुरळीत आणून बसवलं ते यानेच. बुटका, पाठीला बाक, शत्रू त्यावरून टोमणे मारायचे. १६०२ चं त्याचं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. साधा काळा पोशाख, शेजारच्या टेबलावर सरकारी कामकाजाच्या वस्तू, आणि 'सेरो सेद सेरियो' हे त्याचं ब्रीद, म्हणजे उशिरा पण मनापासून. शरीर लपवण्यापेक्षा काम पुढे आणलंय. सेसिलला हे एवढं पसंत पडलं की याच नमुन्याच्या कित्येक प्रती निघाल्या, आणि एकीवरून तर व्हेनिसला मोझाइक करून घेतलं, ते हॅटफिल्ड हाउसमध्ये आजही आहे.

या चित्रांतले चेहरे इतके पांढरेफटक का?

थोडी फॅशन, थोडा काळाचा परिणाम. त्वचेसाठी शिशाचा सफेदा हा मुख्य रंग, त्यात हिंगूळ आणि किड्यांपासून किंवा वनस्पतींपासून केलेला लाल रंग मिसळायचे. सफेदा टिकतो, हिंगूळ बऱ्यापैकी टिकतो, पण तो दुसरा लाल उजेडाने उडतो, म्हणून गालांवरची लाली निघून जाते आणि माणूस आजारी दिसायला लागतो. निळ्याचंही तसंच, काचेची पूड करून जो स्वस्त निळा बनायचा तो तेलात हळूहळू राखाडी पडतो, म्हणून आज करडी वाटणारी पार्श्वभूमी कदाचित निळी असेल. चित्र बघताना हे डोक्यात ठेवलं की खूप फरक पडतो.

रॉबर्ट पीक आणि याच्यात फरक काय?

पीक लंडनमध्येच तयार झालेला इंग्रज, युवराज हेन्रीचा खास चित्रकार, त्याची चित्रं जास्त सपाट आणि भरजरी, रंग चमकदार. डी क्रिट्झचे चेहरे जास्त मऊ, सावली हळूहळू चढत जाते. पीक १६१९ मध्ये गेला.

भारताशी याचा काही संबंध?

आहे, आणि तो खराखुरा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक मुघल दरबारात भेटी म्हणून चित्रं न्यायचे, जहांगीरला चित्रांचं वेड होतं हे त्यांना कळलं होतं. सर थॉमस रो हा जेम्सचा राजदूत म्हणून सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि जानेवारी १६१६ मध्ये अजमेरला जहांगीरला भेटला. त्याने आपल्याजवळचं एक मिनिएचर दाखवलं तर बादशहाने आपल्या चित्रकाराकडून त्याच्या पाच प्रती करवल्या आणि मूळ चित्रासकट सहा एकत्र लावून ओळख म्हणाला, मेणबत्तीच्या उजेडात रोला आपलं कुठलं ते ओळखायला त्रास झाला, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

त्याच सुमाराचं बिचित्र या मुघल चित्रकाराचं प्रसिद्ध चित्र आहे, वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत. जहांगीर मोठ्या वाळूच्या घड्याळाच्या आसनावर बसलाय आणि एका सूफी शेखला पुस्तक देतोय, खाली डाव्या बाजूला रांगेत ऑटोमन सुलतान, मग जेम्स राजा, आणि सगळ्यात खाली हातात चित्र घेतलेला बिचित्र स्वतः. हा जेम्स डी क्रिट्झच्या नमुन्यावरून आला असं अभ्यासक मानतात. बघा तुम्ही, जहांगीर मुघल पद्धतीने बाजूने दिसतो पण जेम्सचा चेहरा तिरका, पाऊण भाग आपल्याकडे, युरोपियन पोर्ट्रेटसारखा. टोपी, दागिने, कॉलर, सगळं तसंच उचललंय. लंडनच्या वर्कशॉपमध्ये राजाचा मोठेपणा सांगायला केलेला चेहरा, आणि बिचित्रने तो बादशहाच्या पायाशी, शेखच्या खाली नेऊन बसवला. मला हे दोन्ही चित्रकारांचं कसब वाटतं, एकाने चेहरा इतका पक्का घडवला की हजारो मैल जाऊनही ओळखू येतो, आणि दुसऱ्याने तो आपल्या अर्थासाठी वापरला.

मग पुढे तो मागे का पडला?

नवीन माणसं आली. पॉल व्हान सोमर १६१६ मध्ये, डॅनियल मायटेन्स १६१८ च्या सुमारास, दोघेही नेदरलँड्सकडचेच पण शिकवण नवीन, माणूस खरोखर जागेत उभा आहे असं वाटायला लावणारी. १६३२ मध्ये फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक चार्ल्सच्या दरबारात आला आणि मग तर सगळ्यांचंच जुनं दिसायला लागलं. डी क्रिट्झकडे पद राहिलं, राजाच्या नावेचं रंगकाम, गाड्या, सोन्याचा वर्ख हे राहिलं, पोर्ट्रेटचं काम गेलं.

मुलांचं काय झालं?

धाकटा जॉन बापाच्या जागी सार्जंट पेंटर झाला, पण १६४२ मध्येच राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं आणि तो राजाच्या बाजूने ऑक्सफर्डला लढताना लवकरच मारला गेला. दुसरा मुलगा इमॅन्युएल, तोही चित्रकार. राजाकडे या कुटुंबाचे पैसे थकलेले होते. १६४९ मध्ये चार्ल्सचं डोकं उडवल्यावर पार्लमेंटने त्याचा चित्रसंग्रह विकायला काढला आणि ज्यांची उधारी होती त्यांना पैशांऐवजी चित्रं, मूर्ती दिल्या, नळकाम करणाऱ्यालासुद्धा चित्रं मिळाली. अशा पैसे थकलेल्या लोकांच्या एका गटाचा प्रमुख हा इमॅन्युएल होता. त्याच्या घरी एकेकाळी राजाच्या चित्रांनी भरलेल्या खोल्या होत्या, इटलीच्या बर्निनी या शिल्पकाराने केलेला चार्ल्सचा संगमरवरी अर्धपुतळाही त्याच्याकडे होता. राजेशाही परत आल्यावर तो पुतळा राजाकडे गेला आणि १६९८ च्या व्हाइटहॉलच्या आगीत नष्ट झाला.

लंडनला गेल्यावर काय बघू?

नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीपासून सुरू करा, तिथली कायमची दालनं फुकट आहेत. वॉल्सिंगहॅम, सेसिल आणि राणी ॲन ही तिथल्या संग्रहात आहेत पण सगळी नेहमी भिंतीवर असतातच असं नाही, जायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर चेक करा. डलिचला जेम्सचं चित्र आहे, तिथे जायला लोकल ट्रेन घ्यावी लागते. वेस्टमिन्स्टर ॲबीचं तिकीट महाग आहे पण एलिझाबेथच्या समाधीपाशी जरा थांबा. एडिनबराचा प्लॅन असेल तर स्कॉटिश नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्या दागिन्याच्या टोपीचं चित्र सोडू नका, आणि जमलं तर जवळून, थोडं बाजूने उभं राहून बघा, म्हणजे हिऱ्यांवर रंगाचे जाडसर ठिपके कुठे दिलेत ते दिसतं.